दोन डोळे राखून

झाड छाटायचं म्हटलं की माझा हात अजूनही कचरतो. वयाची सत्तरी उलटली, जन्म द्राक्षबागायतदाराच्या घरातला, आणि आयुष्याची पंचेचाळीस वर्षं अशा देशात गेली की जिथं बागकामाचं वेड घरटी एका तरी माणसाला असतंच, तरीसुद्धा. वाळलेली काडी कापायला कुणालाच काही वाटत नाही. ती कटकन मोडते, आतून तपकिरी दिसते, आपण ती बाजूला टाकतो आणि विसरून जातो. अडचण येते ती हिरव्या काडीची. आणि हिवाळा सौम्य गेला की मार्च महिन्यात आपल्यापुढं उभी असते ती हिरवीच काडी.

ही गोष्ट २०२४ सालची. आम्ही इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या एका लहान गावात राहतो. त्या वर्षी जानेवारीत काही दिवस कडाक्याचे गेले, तेवढेच. एरवी थंडी अशी जाणवलीच नाही. फेब्रुवारी तर इंग्लंड आणि वेल्समधला नोंदींतला सर्वांत उबदार फेब्रुवारी ठरला. जाड कोट कपाटातच राहिले. डॅफोडिलची फुलं वेळेआधीच उमलली. दुकानात, बसथांब्यावर जो तो हवेचं कौतुक करत होता. इथल्या लोकांना हवेबद्दल बोलायला एरवीही आवडतं, पण तक्रारीच्या सुरात. कौतुकाचा सूर ऐकून मलाच चुकल्यासारखं वाटायचं.

त्या फेब्रुवारीच्या अखेरीस एका शनिवारी सकाळी पलीकडच्या बाईंची मुलगी एकचाकी हातगाडीत एक कुंडी घालून आमच्या दारात आली. मागून काठी टेकत बाई स्वतः. कुंडीत फ्युशियाचं झाड होतं.

फ्युशिया तुमच्यापैकी काहींनी उटीला किंवा दार्जिलिंगला पाहिलं असेल. फूल खाली तोंड करून लोंबतं. वर चार लाल पाकळ्यांसारखी दलं मागं वळलेली, त्यांच्या आत जांभळा किंवा पांढरा घागरा आणि त्यातून खाली डोकावणारे लांब केसर. इंग्रजीत त्याला कानातल्या डुलांची उपमा देतात. मला ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आईचे झुबे आठवले होते. मूळचं हे झाड प्रामुख्यानं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, अँडीज पर्वताच्या थंड, ढगाळ उतारांवरचं. तिथं हमिंगबर्ड हवेत तरंगत या लोंबत्या फुलांतला मध पितात. इंग्लंडात हमिंगबर्ड नाहीत, ते काम इथले केसाळ भुंगे उलटे लटकून करतात.

तर पलीकडच्या बाई. आम्ही हे घर घेतलं १९८३ मध्ये. टेंपोतून सामान उतरवत होतो, तेवढ्यात कुंपणावरून एक हात पुढं आला. हातात दह्याचा रिकामा डबा, डब्यात माती आणि मातीत खोचलेली एक काडी. "फ्युशिया आहे, मिसेस पॉपल नावाचं. जमिनीत लाव, इथली थंडी त्याला सोसते," एवढंच बोलून बाई आत गेल्या. संध्याकाळी मी तोच डबा धुऊन त्यात शंकरपाळे घालून परत दिला. पुढची चाळीस वर्षं आमचा व्यवहार असाच चालला. तिकडून काडी यायची, इकडून डबा जायचा. त्यांचे यजमान गेले तेव्हा मी पिठलं-भात घेऊन गेले होते आणि त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला होता. माझी आई गेली तेव्हा मला विमानाचं तिकीट वेळेवर मिळालं नाही. त्या आठवड्यात बाई रोज सकाळी काही न बोलता माझ्या कुंड्यांना पाणी घालून जात.

आता बाई नव्वदीला टेकल्या होत्या. घर विकायचं ठरलं होतं. मुलीच्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली होती. तिथं खिडकीच्या कट्ट्यावर एक लहानशी कुंडी मावेल, एवढीच जागा. आमच्या दारात आलेलं झाड तीस वर्षांचं, स्विंगटाइम नावाच्या जातीचं, लाल दलांचं आणि पांढऱ्या भरगच्च घागऱ्याचं. त्यांच्या यजमानांनी काडीपासून वाढवलेलं. खोड माझ्या अंगठ्याहून जाड झालेलं. ही जात थंडीला नाजूक, त्यामुळं हिवाळ्यात ते काचघरात असायचं.

"दोन वर्षं मला छाटता आलं नाही," बाई म्हणाल्या. "मनगटात जोर नाही. मुलीला सांगितलं तर ती वरवर कातरते, केस कापावेत तसं. तू नीट छाट. आणि माती बदल."

मी हो म्हटलं. त्या काठी टेकत परत गेल्या. पुढच्या सोमवारी त्यांचं घर बंद झालं.

झाडाकडं पाहिलं आणि पोटात गोळा आला. दोन वर्षांच्या फांद्या दोन-दोन हात लांब झालेल्या. खाली सगळ्या उघड्या, वर मात्र हिरवीगार पानं. एका शेंड्याला तर फेब्रुवारी महिन्यात चक्क दोन कळ्या. आमचे हे चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "इतकं छान तरारलंय. जिवंत झाडावर कात्री कशाला चालवायची? असू दे की असंच."

हेच वाक्य मी आठ वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि मानलंही होतं. २०१५ चा डिसेंबर हा ब्रिटनमधला नोंदींतला सर्वांत उबदार डिसेंबर. त्या हिवाळ्यात माझ्या काचघरातल्या फ्युशियांनी पानं टाकलीच नाहीत. मार्चमध्ये मला त्यांची दया आली. छाटणी केली नाही. उलट लाड म्हणून प्रत्येकाला दुप्पट मोठी कुंडी दिली आणि भरपूर पाणी घातलं. दोन झाडं महिन्याभरात गेली. मोठ्या कुंडीतली माती ओलीच राहिली, तेवढं पाणी प्यायला मुळं नव्हती, ती कुजली. उरलेली तीन जगली, पण उंच काटकुळी झाली. फुलं आली ती अगदी टोकाला, चार इथं, चार तिथं. ऑगस्टमधल्या एका वाऱ्यात त्यांतल्या दोन फांद्या स्वतःच्याच वजनानं बुंध्यापासून फाटल्या.

त्या वेळी बाईंनी कुंपणावरून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "मार्चमध्ये काय केलंस?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"तेच," त्या म्हणाल्या.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फ्युशियाला फुलं येतात ती नव्या फुटव्यावर, त्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या फांदीवर. जुनी फांदी नुसती आधाराची. थंडी नीट पडली की झाड पानं टाकतं, वाढ थांबवतं, जोर खोडात आणि मुळांत साठवून ठेवतं. वसंतात तो साठा एकदम नव्या फुटीला मिळतो. हिवाळा उबदार गेला की झाडाचा डोळाच लागत नाही. ते जागं राहतं आणि वाढत राहतं. पण डिसेंबरातला इथला दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यातही ढगच जास्त. उजेड पुरेसा नाही आणि वाढ मात्र चालू. त्यामुळं फांदी लांबते, बारीक होते आणि साठा संपत जातो. वरून हिरवं दिसणारं ते झाड खरं तर रात्रभर जागलेलं असतं. शिवाय थंडीनं मरायचे ते मावा, पांढरी माशी, पानांवरचा तांबेरा हे सगळे पाहुणे त्या हिरव्या पानांवर सुखानं हिवाळा काढतात.

याच्या उलट २०१० चा डिसेंबर. शंभर वर्षांतला इथला सर्वांत थंड डिसेंबर. अंगणातली माझी मिसेस पॉपल जमिनीपर्यंत करपली. काड्या काळ्या पडल्या. मी ती गेली असं समजून चाललं होतं. मे महिन्यात मातीतून बोटभर लाल कोंब वर आले, एक नाही, चांगले दहा-बारा. त्या वर्षी झुडूप असं फुललं की पोस्टमनसुद्धा थांबून बघायचा. तेव्हा छाटायचा प्रश्नच आला नव्हता. ते काम थंडीनंच करून टाकलं होतं.

मग थंडीनं ते काम केलं नाही तर? या प्रश्नाचं उत्तर मला इंग्लंडात येण्याच्या कितीतरी आधी मिळालेलं होतं. फक्त ते फ्युशियाचं नव्हतं, द्राक्षाचं होतं.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साठ-सत्तरच्या दशकात दीड एकरावर थॉम्पसन जातीची द्राक्षं लावली होती. द्राक्षवेल हे मूळचं थंड हिवाळ्याच्या मुलखातलं झाड. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल आपणहून पानं टाकते, झोपते, आणि तिथले शेतकरी वर्षातून एकदाच तिची छाटणी करतात. आमच्या सांगली-तासगावला कसली आली तशी थंडी? वेल बारमाही हिरवी. म्हणून महाराष्ट्रात द्राक्षाची छाटणी दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. बागायतदारांना हे सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. द्राक्षं उतरवून झाली होती, शाळेला सुट्टी लागत आली होती. एप्रिलच्या त्या उन्हात बागेचा मांडव ही एकमेव गार जागा. आम्ही पोरं तिथंच खेळायचो. एका सकाळी जाऊन बघते तर आण्णा आणि दोन गडी कात्र्या घेऊन मांडवाखाली उभे. खाली हिरव्या काड्यांचा ढीग आणि वर नुसतं आभाळ. मी मोठ्यानं भोकाड पसरलं. आण्णांनी कात्री खांद्यावरच्या टॉवेलला पुसली आणि मला एक कापलेली काडी जवळून दाखवली. म्हणाले, "हे बघ, हा डोळा. हा दुसरा. दोन डोळं राखल्यात. आपल्याकडं थंडी पडत न्हाई बाळ, मग येलीला निजवणार कोण? आपणच की."

द्राक्षाच्या भाषेत कळीच्या त्या लहानशा उंचवट्याला डोळा म्हणतात. एका डोळ्यावर छाटली, दोन डोळ्यांवर छाटली, डोळे फुगले, डोळे फुटले, असं बोलतात. कात्री धरणाऱ्यानं काय बघायचं असतं ते त्या शब्दातच आहे. कापतो काय ते बघायचं नसतं, राखतो काय ते बघायचं असतं.

आणि या झाडाचा इतिहासही कापण्याचाच आहे. फ्युशियाला हे नाव दिलं शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञानं. कॅरिबियन समुद्रातल्या, आज हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे देश असलेल्या बेटावर त्याला ते सापडलं आणि १७०३ मध्ये त्यानं त्याचं वर्णन छापलं. नाव ठेवलं लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञावरून. फुक्स १५६६ मध्येच वारला होता. ज्या फुलामुळं आज त्याचं नाव घरोघरी घेतलं जातं ते त्या बिचाऱ्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

इंग्लंडात हे झाड लोकप्रिय कसं झालं त्याची एक गोष्ट इथले बागवाले सांगतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स ली नावाचा एक रोपवाटिकेचा मालक होता. लंडनमध्ये वॉपिंग भागात एका खलाशाच्या घराच्या खिडकीत त्यानं हे लोंबत्या फुलांचं झाड पाहिलं. खलाशानं ते दूरदेशाहून घरच्यांसाठी आणलेलं. त्या घरची बाई काही ते विकायला तयार होईना. लीनं खिशात होत्या नव्हत्या तेवढ्या गिन्या तिच्यापुढं ठेवल्या आणि पहिली तयार होणारी रोपं तुलाच देईन असा शब्द दिला. घरी येऊन त्यानं काय केलं? फुलं, कळ्या खुडल्या आणि सबंध झाडाचे तुकडे तुकडे करून कलमं लावली. त्यांना मुळं फुटली की त्यांचीही कलमं. पुढच्या हंगामात त्याच्याकडं तीनशे रोपं होती आणि एकेक रोप एका गिनीला गेलं. गोष्ट किती खरी, किती मीठ-मसाला लावलेली, हे सोडून द्या. पण लीच्या रोपवाटिकेचं नाव मात्र मला फार आवडतं. हॅमरस्मिथमधली ती जागा पूर्वी द्राक्षमळा होती म्हणून तिचं नावच व्हिनयार्ड नर्सरी. आण्णांना सांगितलं असतं तर हसले असते.

तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी सिकेटर स्पिरिटनं पुसून घेतलं आणि बाईंची कुंडी काचघरातल्या टेबलावर ठेवली. अंगणातल्या मिसेस पॉपलला मी तेव्हा हात लावला नाही. जमिनीतल्या झाडाची छाटणी इथं उशिरा, गोठवणारी थंडी संपत आल्यावर करायची. जुन्या काड्या तोवर बुंध्याचं पांघरूण होऊन राहतात. घाई करून छाटलं, कोवळी फूट आली आणि एप्रिलात हिम पडलं की सगळं मुसळ केरात. काचघरातल्या कुंडीचं तसं नाही, तिला लवकर छाटता येतं.

फ्युशियाची पानं बहुधा समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. जुन्या फांदीवर पान नसलं तरी पानाचा वण असतो, तिथं हात फिरवला की बारीक उंचवटा लागतो. नखानं साल किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. आधी मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि अगदी बारीक काड्या मुळापासून काढायच्या. मग उरलेल्या प्रत्येक फांदीवर तळाजवळच्या एक-दोन जोड्या राखायच्या आणि त्यांच्यावर गव्हाच्या दाण्याएवढं अंतर सोडून कापायचं. लांब खुंटी ठेवली तर ती वाळते आणि मर खाली उतरते.

वाचायला सोपं आहे. पण जुनं झाड, दोन वर्षं न छाटलेलं. खालचे डोळे जागे होतील याची खात्री काय? आणि झाड माझं नव्हे. माझं असतं तर मेलं तरी मी आणि माझं नशीब. हे एका माणसानं लावलेलं, त्याच्या बायकोनं तीस वर्षं सांभाळलेलं, आणि ती आता एका खोलीत बसून माझ्या भरवशावर आहे. पहिली फांदी कापली. कळ्यांची फांदी कापली. ह्यांनी काचेतून पाहिलं आणि ते घरात निघून गेले. सात फांद्या झाल्या. आठवीवर मात्र माझा हात थांबला. खालच्या डोळ्यांनी दगा दिला तर निदान ही एक तरी हिरवी राहील, असं म्हणत ती मी हातभर लांब तशीच ठेवली.

लगेच कुंडी बदलायची नसते. छाटणी आणि मुळं हलवणं हे दोन धक्के एकाच दिवशी झाडाला देऊ नयेत. आधी डोळे फुटू द्यायचे. तोवर पाणी अगदी बेताचं, कारण पानंच नाहीत तर पिणार कोण? सकाळी खोडावर मात्र कोमट पाण्याचा फवारा, म्हणजे साल मऊ राहते. पहिला आठवडा काही नाही. दुसरा आठवडा काही नाही. त्या दिवसांत रात्री मी बॅटरी घेऊन काचघरात जात होते हे ह्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी विचारलं नाही. अठराव्या दिवशी खोडाच्या अगदी तळाशी, जिथं मला डोळा दिसलाच नव्हता तिथं, तांबूस टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी वर आलं. दोन दिवसांत तशी वीसेक टोकं झाली.

९ एप्रिलला पाडवा होता. सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली आणि दुपारी मी कुंडी उपडी केली. मुळांचा गोळा कुंडीच्या आकाराचाच निघाला, बाहेरून जाळं विणल्यासारखा. जुनी माती बोटांनी आणि एका काटकीनं हलके मोकळी केली, तर आतून पांढरट, वाकडी, तपकिरी डोक्याची अळी निघाली. मग दुसरी. मोजून अकरा. हा इथला भुंगेरा, वाइन वीव्हिल म्हणतात त्याला. भुंगेरा पानांच्या कडा कुरतडतो, अळ्या गुपचूप मुळं खातात, आणि वरून झाड हिरवं दिसतं ते अगदी कोसळायच्या दिवसापर्यंत. माती बदलली नसती तर मेमध्ये झाड गेलं असतं आणि मी छाटणीला दोष देत बसले असते.

काळी, मऊ झालेली मुळं कापली, चांगल्यांपैकीही साधारण तिसरा हिस्सा छाटला. पांढरी मुळी मात्र जपली. हाही आण्णांचाच शब्द. पांढरी मुळी चालली तर बाग चालली, असं ते म्हणायचे. मग या उरलेल्या गोळ्याला बसेल अशी, पहिल्याहून लहान कुंडी घेतली. नवी माती, तळाशी पाणी नीट निचरणारी, पण ठेचून भरलेली नाही. मोठी कुंडी पुढं, जूनमध्ये, मुळं काठाला लागल्यावर. हे पाहून म्हणाले, "मोठ्या झाडाला लहान कुंडी? ही कुठली रीत?" मी म्हटलं, "आजारातून उठलेल्या माणसाच्या पानात आपण एकदम चार पुऱ्या वाढतो का?"

पुण्या-मुंबईत फ्युशिया उन्हाळ्यात टिकणार नाही, तेव्हा त्याच्या मागं लागू नका. पण पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात गुलाब छाटताना किंवा थंडी सरता सरता मोगरा छाटताना प्रश्न हाच असतो. झाड हिरवं आहे, मग कापू कशाला? आणि बरीच वर्षं एकाच कुंडीत असलेल्या झाडाला आपण नुसतं खत घालत राहतो. मुळं काय म्हणताहेत ते एकदा कुंडी उपडी करून बघत नाही.

एप्रिलच्या शेवटी गारठा परतला. अंगणातली झुडपं मी तोवर छाटली नव्हती म्हणून वाचली. मेमध्ये स्विंगटाइमचे फुटवे दोन-तीन पानजोड्यांचे झाले की शेंडे खुडत गेले. एक शेंडा खुडला की दोन फुटतात. शेवटच्या खुडणीनंतर फुलं यायला आठ-दहा आठवडे लागतात. खुडलेले शेंडे टाकून न देता मी मातीत खोचून ठेवले. त्यांतल्या चारांना मुळं फुटली.

जुलैच्या अखेरीस कुंडी फुलांनी वाकली होती. ह्यांनी ती गाडीत सीटबेल्ट लावून बसवली आणि आम्ही बाईंना भेटायला गेलो. बाई खुर्चीत बसल्या होत्या, आणखी बारीक झालेल्या. मला वाटलं, फुलं बघून त्यांना भरून येईल. मी रुमालही काढून ठेवला होता. त्यांनी फुलांकडं पाहिलंच नाही. दोन्ही हातांनी फांद्या बाजूला केल्या, वाकून बुंधा पाहिला आणि बोटानं एकेक छाट मोजू लागल्या. सात छाटांवरून बोट सरळ गेलं. आठव्या फांदीवर थांबलं. ती फांदी एका बाजूला लांब, उघडी, टोकाला तीन फुलं घेऊन लोंबत होती. बाकी सगळं झाड तिच्या निम्म्या उंचीत भरगच्च फुललेलं.

"इथं घाबरलीस," बाई म्हणाल्या.

मी काय बोलणार? मान हलवली.

"मीही घाबरायचे," त्या म्हणाल्या. "दर वर्षी एक ठेवायचे. त्यांना कळायचं, पण बोलायचे नाहीत."

मग मी पिशवीतून दह्याचा रिकामा डबा काढला. त्यात शेंड्यापासून केलेलं रोप, बोटभर उंचीचं. बाईंनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून घेतला, चष्मा लावला, रोपाचं वरचं टोक दोन नखांत धरलं आणि खुडून टाकलं. मुलगी म्हणाली, "अगं, एवढंसं तर आहे!" बाईंनी लक्ष दिलं नाही. खुडलेलं टोक माझ्या तळहातावर ठेवलं. तेही लावायचं होतं.

येताना गाडीत हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घरी गेल्यावर कापणार का ती फांदी?"

"आता नाही. मार्चमध्ये," मी म्हटलं.

२०२५ च्या मार्चमध्ये मी ती फांदी छाटली. दोन डोळे राखून.